आईसाठी वृद्धाश्रम बघताय ना?

ताई, मॅनेजर दुपारी फिरवून दाखवतो तेवढ्यावर ठरवू नका. एकदा संध्याकाळी न कळवता जा. रात्रपाळीला किती मावश्या असतात, बेल दाबल्यावर कोणी येतं का, हे तिथल्या आजींनाच विचारा. संडासात धरायला दांडा हवा, फरशी कोरडी हवी. मऊ वरणभात सगळेच देतात हो, पण आईला पहाटे चहा लागतो, तो मिळेल का? उठायची, झोपायची वेळ तिची तिला ठरवता यावी, माझ्या मते हेच सर्वांत मोठं. कर्जतच्या आश्रमाची हिरवळ छानच, पण तुम्ही दादरला आणि रविवारी भेटायला निघावं तर लोकलचा मेगाब्लॉक! जवळचंच बघा. डिपॉझिट परतीचं लेखी घ्या. अडलंच तर ज्येष्ठांची हेल्पलाइन १४५६७ आहे.