नेम पारव्यावर, पडलं शर्यतीचं कबूतर

प्रश्न : हरभऱ्याची पेरणी झाली की आमच्या विहिरीतले पारवे थव्यानं शेतात उतरतात. मुलानं एअरगननं एक पाडला. उचलून पाहिलं तर एका पायात अक्षरं-आकडे असलेली रिंग, दुसऱ्या पायात काळी प्लास्टिकची. पंख मोडला होता. जखमेत हळद भरली, तोंडात पाणी सोडलं, टोपलीखाली ठेवलं. दुसऱ्या दिवशी मेलं. शेजारी म्हणतो, रिंग विहिरीत टाक, कुणाला कळणार? मुद्दाम मारलं नाही, मग दोष लागतो का?
– एक शेतकरी, ता. रावेर

उत्तर : रिंग विहिरीत टाकू नका. बाकीचं सावकाश बोलू.

ती धातूची रिंग अखंड असते. पिल्लू साधारण आठवड्याचं असताना पुढची तीन बोटं एकत्र धरून ती पायात सरकवतात आणि मागचं बोट अलगद बाहेर काढतात. पाय वाढला की ती कापल्याशिवाय निघत नाही. तिच्यावर देशाची वा संघटनेची अक्षरं, जन्माचं वर्ष आणि अनुक्रमांक असतो. काळ्या रिंगेत चिप असते. कबूतर ढाबळीच्या (कबुतरांच्या खुराड्याच्या) दारातल्या पट्टीवर उतरलं की त्या चिपवरून वेळ नोंदली जाते. म्हणजे तुमच्या शेतात पडलेलं कबूतर कुणाच्या तरी वहीत नावानिशी नोंदलेलं होतं, आणि तो माणूस बहुधा अजून आभाळाकडे बघतोय.

दोन्ही रिंगांचे जवळून, उजेडात फोटो काढा. आकडे सगळ्या बाजूंनी दिसले पाहिजेत. मग पंखांची मोठी पिसं एकेक करून उघडून पाहा (कबूतर पुरलं नसेल तर). पुष्कळ मालक पिसांवर शाईचा शिक्का मारून फोन नंबर टाकतात. नंबर नसेल तर भुसावळ, जळगाव, धुळे इथं कबुतरं पाळणारे कुणी ना कुणी भेटतातच. रिंगेवरची अक्षरं कुठल्या संघटनेची हे त्यांना सांगता येतं. मालक सापडला की काय घडलं ते सरळ सांगा. किंमत देऊ करा आणि रिंग पोचवा. तो पैसे घेईलच असं नाही, पण रिंग नक्की घेईल. वाट बघणं थांबवण्यासाठी त्याला तेवढीच खूण मिळते. कबुतरं जोडीनं राहतात. अंडी 17-18 दिवस उबवतात. नर साधारण सकाळ उलटल्यापासून संध्याकाळच्या आधीपर्यंत बसतो, बाकीचा वेळ मादी. एक गेलं की दुसरं एकट्यानं फार काळ बसत नाही, अंडी गार पडतात. मालकाला लवकर कळलं तर तो ती दुसऱ्या जोडीखाली सरकवू शकतो. म्हणून उशीर करू नका.

आता दोषाचं. ‘मुद्दाम नाही’ हे अर्धंच खरं आहे. छर्रा मुद्दाम सोडला होता, फक्त कुणावर ते पाहिलं नव्हतं. आणि यातली गोम अशी की, ज्याच्यावर नेम सहज बसतो तेच पाळीव असण्याची शक्यता जास्त. विहिरीतला पारवा माणूस पाहिला की थव्यासकट उठतो. वाट चुकलेलं, शेकडो किलोमीटर उडून थकलेलं शर्यतीचं कबूतर एकटंच बांधावर नाहीतर पाण्याच्या हौदाजवळ उतरतं, पंख जरा ढिले सोडून चालतं आणि माणसाला घाबरत नाही, कारण त्याला दाणे माणसानंच घातलेले असतात. ओळखायची आणखी एक खूण: आपल्याकडच्या पारव्याची पाठ शेपटीजवळ राखाडी असते, शर्यतीच्या कबुतराची पुष्कळदा पांढरी. पण ही खूण बंदुकीच्या नळीमागून दिसत नाही, आणि रिंग तर नाहीच. म्हणून ‘नीट पाहून मारू’ हा उपाय आम्हाला पटत नाही.

कायद्याची बाजू थोडक्यात. भारतीय न्याय संहितेच्या कलम 325 खाली दुसऱ्याचं नुकसान करण्याच्या हेतूनं किंवा तशी जाणीव असताना जनावर मारलं वा जायबंदी केलं तर पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. नकळत झालेली चूक यात बसेलच असं नाही, पण रिंग कापून फेकलीत तर ‘नकळत’ म्हणायला तोंड राहणार नाही. ‘पारव्याला कायदा लागू नाही’ ही समजूतही जुन्या अनुसूचीवरची (कायद्यातल्या प्राणी-पक्ष्यांच्या यादीवरची) आहे. 1972 च्या वन्यजीव कायद्याच्या अनुसूच्या 2022 च्या दुरुस्तीनं नव्यानं मांडल्या गेल्या, त्या 1 एप्रिल 2023 पासून लागू आहेत. शिवाय त्याच थव्याजवळ होले असतात, आंब्यावर हरियाल असतो, आणि हरियाल तर राज्यपक्षी. ठराविक ताकदीपर्यंतच्या एअरगनला परवाना लागत नाही म्हणजे पाखरं मारायचा परवाना मिळाला असं नव्हे.

उपचारात काय चुकलं तेही सांगतो. पक्ष्याच्या श्वासनळीचं तोंड जिभेच्या मुळाशीच असतं. चोचीत ओतलेलं पाणी थेट फुफ्फुसात जातं. कबूतर मोडक्या पंखापेक्षा त्यानंच गेलं असण्याची शक्यता मोठी. हळदीनं पिसं चिकटतात आणि डॉक्टरला जखम दिसत नाही. टोपलीतून उजेड येतो, मग ते फडफडतं आणि मोडलेलं हाड आणखी सरकतं.

पुन्हा असं जखमी पाखरू हाती आलं तर अंगावर फडकं टाकून उचला. पाय तर्जनी आणि मधल्या बोटात, अंगठा पाठीवर, पंख मिटलेले. रक्त येत असेल तर स्वच्छ कापडानं पाच मिनिटं दाबून धरा, मधेमधे उचलून बघू नका. छर्रा कोरून काढायला जाऊ नका. जुन्या मोज्याचा पंजा कापून उरलेली नळी अंगावर चढवली की पंख जागेवर राहतो. छाती मात्र आवळू नका, पक्षी छातीचं हाड हलवूनच श्वास घेतो. भोकं पाडलेलं पुठ्ठ्याचं खोकं, आत फडकं, बाजूला कापडात गुंडाळलेली कोमट पाण्याची बाटली, वरून झाकण. पाणी वाटीत दोन-तीन सेंटिमीटर ठेवा. कबूतर चोच बुडवून ओढून पितं, त्याला पाजावं लागत नाही. प्यायल्यावर गळ्याखालून पाणी ठिबकलं तर दाण्याची पिशवी फाटलेली असते. ती टाके घालूनच सांधते, म्हणून त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखाना गाठा. दाणे नंतर: ज्वारी, मका, वाटाणा. भात-पोळी नको. आणि मेलंच तर रस्सा करू नका, छर्रा शिशाचा असतो.

प्रश्न : मग पेरलेलं वाचवायचं कसं? राखण करायला माणूस मिळत नाही.
– वाचक, ता. चोपडा

उत्तर : पारवा कोंबडीसारखा पायानं माती उकरत नाही. चोचीनं वरवरची माती उडवतो आणि दिसेल तो दाणा उचलतो. त्यामुळे हरभरा पाच ते सात सेंटिमीटर खोल पडला आणि पाभरीमागं (पेरणीच्या औजारामागं) लगेच माती ओढून दाणा झाकणारी रासणी फिरली तर त्याच्या हाती फार काही लागत नाही. नुकसान होतं ते धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या कडेला, जिथं पाभर उचलताना आणि वळवताना दाणे उघडे सांडतात. थवा आधी तिथं उतरतो आणि मग आत शिरतो. तेवढा पट्टा हातानं झाका, सांडलेलं झाडून उचला.

चकाकणारी लाल-चंदेरी फीत पीळ देऊन, चार-पाच मीटरवर खुंट्या ठोकून ताणा. पीळ नसेल तर ती वाऱ्यात घरघरत नाही. पंधरवड्यात पाखरं तिला सरावतात, म्हणून पेरणीच्या दिवशीच बांधा, आधी आठ दिवस नको. कोंब वर आले की काढून ठेवा, पुढच्या हंगामात पुन्हा नवी वाटते. गोफण चालेल, पण दगड थव्याच्या बाजूच्या मोकळ्या जमिनीवर. कार्बाइडची बंदूक नकोच. ती डोळे घालवते, पाखराचे नव्हे, पोरांचे.

प्रश्न : माझी ढाबळ आहे. दरवर्षी रब्बीत दोन-चार कबुतरं परत येत नाहीत. शेतकऱ्यांशी भांडून दमलो.
– भुसावळ

उत्तर : भांडण थांबवा, आधी दाणापाणी तपासा. एका कबुतराला दिवसाला साधारण 30 ते 35 ग्रॅम दाणे पुरतात. तेवढे घालूनही ती शेतात उतरत असतील तर बहुधा खनिजं कमी पडतायत. विटेचा चुरा, शिंपल्यांचा चुरा, थोडं मीठ कायम समोर ठेवा. मेथी-पालक चिरून घाला. दाणे उडवून आणल्यावर घाला, म्हणजे ती घराकडे ओढ घेऊन येतात. आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात आसपास हरभरा पेरला जातो ते पंधरा-वीस दिवस ढाबळ बंद ठेवा. शेत शेतकऱ्याचं आहे, दाणा त्यानं विकत आणलाय. हा भाग तुमच्याकडचा.

प्रश्न : गच्चीवर रिंगवालं कबूतर आलंय. गावात म्हणतात हेर आहे, पोलिसांत द्या.
– अमळनेर

उत्तर : मे 2023 मध्ये मुंबईत चेंबूरजवळ जेट्टीवर असंच एक कबूतर हेरगिरीच्या संशयावरून धरलं गेलं. ते तैवानच्या शर्यतीतलं निघालं. सुटायला जानेवारी 2024 उजाडला; आठ महिने पिंजऱ्यात.

तुमच्याकडचं दमलेलं असेल. पाणी ठेवा, मूठभर ज्वारी-मका घाला, मांजर वर येणार नाही असं बघा, रिंगेचा फोटो काढून वरच्यासारखा मालक शोधा. पंख कापू नका. एक-दोन दिवसांनी आभाळ स्वच्छ असताना सकाळी मोकळं सोडा. दुपारनंतर सोडलं तर अंधाराच्या आत फार लांब जाणार नाही आणि रात्र कुठंतरी तारेवर काढेल.