न फुटलेली दोन अंडी

प्रश्न : आम्ही इंग्लंडमध्ये लेस्टर येथे राहतो. आमच्याकडे आवश्यक त्या कागदपत्रांसह घेतलेली हरमन जातीच्या कासवांची जोडी आहे. मादीने बागेत खड्डा करून चार अंडी घातली. ती त्याच दिवशी उचलून आम्ही इन्क्युबेटरमध्ये ३१ अंश सेल्सिअसला ठेवली. एकसष्टाव्या दिवशी दोन पिले बाहेर आली. आज सत्तरावा दिवस आहे, पण उरलेली दोन अंडी तशीच आहेत आणि एकावर बुरशीचा ठिपका दिसतो. ती मेली असे समजावे काय? पाण्यात टाकून किंवा थोडेसे फोडून पाहावे का?
– एक वाचक, लेस्टर

उत्तर : कृपया यांपैकी काहीही करू नका. अंडे पाण्यावर तरंगले तर आतली हवेची पोकळी वाढली आहे एवढेच कळते. स्वयंपाकघरात कोंबडीचे अंडे शिळे आहे का हे पाहण्यासाठी ती परीक्षा ठीक आहे, परंतु कासवाच्या अंड्यातील गर्भ कवचाच्या सूक्ष्म छिद्रांतून श्वास घेत असतो आणि पाण्यात ती छिद्रे बंद होतात. फोडून पाहिल्यास जिवंत पिलूही दगावू शकते, कारण बाहेर येण्याआधीचे शेवटचे काही दिवस ते उरलेला बलक पोटात ओढून घेत असते.

आपल्याला जमण्याजोगी खरी परीक्षा प्रकाशाची आहे. गावाकडे रवणाला बसवलेल्या कोंबडीची अंडी कंदिलासमोर धरून पाहतात, तीच ही पद्धत. फक्त इथे अंडे हातात घेऊन फिरवायचे नाही. कोंबडीच्या अंड्यात बलकाला दोन्ही बाजूंनी धरून ठेवणारे पीळदार दोर असतात आणि कोंबडी अंडी सतत फिरवत राहते. कासवाच्या अंड्यात असे दोर नसतात. घातल्यानंतर थोड्याच वेळात गर्भ वरच्या बाजूला कवचाच्या आतील पडद्याला चिकटतो आणि त्यानंतर अंडे उलटले तर तो मरू शकतो. याच कारणाने कोकणात वेळास, आंजर्ले येथील कासवमित्र समुद्री कासवांची अंडी हलवायची झाल्यास पहाटे घरटे सापडताच लगबगीने, पण अगदी अलगद हलवतात.

तेव्हा रात्री खोलीत अंधार करा आणि अंडे जागेवरच ठेवून, तापत नाही असा लहान एलईडी टॉर्च कवचाला बाजूने टेकवून काही सेकंदच पाहा. फलित अंड्यात दोन-तीन आठवड्यांनी पिंपळाच्या जाळीदार पानासारख्या लाल रक्तवाहिन्या दिसू लागतात. सत्तराव्या दिवशी मात्र त्या शोधू नका. अंडे जवळजवळ पूर्ण काळे दिसावे आणि वर हवेच्या पोकळीची फिकट कोर असावी. अजूनही सगळे अंडे एकसारखे पिवळसर उजळत असेल, तर ते वांझ आहे किंवा गर्भ अगदी सुरुवातीलाच मेला आहे. खाली गाळासारखा काळा थर आणि वर स्वच्छ पाणी दिसले, तर गर्भ मध्येच दगावला असावा. अखेरच्या दिवसांत मेलेले पिलू आणि झोपलेले पिलू मात्र प्रकाशात सारखेच काळे दिसते. तिथे टॉर्च निरुपयोगी ठरतो आणि वाट पाहण्यावाचून मार्ग नसतो.

बुरशीच्या ठिपक्याने घाबरून जाऊ नका. दमट हवेत कवचावर वरवर बुरशी येऊ शकते आणि तिच्याखाली पिलू सुखरूप असू शकते. कोरड्या मऊ ब्रशने, अंडे न हलवता ती झटकावी. कवच हिरवट-करडे पडून त्यातून घाण वासाचा द्रव पाझरू लागला, तर मात्र शंकेला जागा उरत नाही. तसे अंडे लगेच बाहेर काढा.

एकाच खेपेची अंडी एकाच दिवशी फुटत नाहीत. इन्क्युबेटरच्या एका कोपऱ्यात एखादा अंश कमी असला, तरी काही दिवसांचा फरक पडतो. (तापमानावरूनच पिलाचे लिंगही ठरते, साधारण साडेएकतीस अंशांखाली नर अधिक होतात, त्यामुळे आपली दोन पिले बहुधा नर असतील.) माझ्या मते, वास किंवा गळती नसेल तर नव्वदाव्या दिवसापर्यंत तापमान आणि दमटपणा तसाच ठेवावा. मध्यंतरी कवचाला चीर पडली, तरी पिलाला ओढून काढू नये. त्याला बाहेर यायला एक-दोन दिवस सहज लागतात.

नव्वद दिवसांनंतरही काही झाले नाही, तर अंडे बागेत नेऊन, हातमोजे घालून फोडा आणि आत केवळ बलक होता, छोटा गर्भ होता की पूर्ण वाढलेले पिलू, हे तारखेसह वहीत लिहून ठेवा. नुसता बलक निघाला, तर पुढील वर्षी नर-मादीच्या मीलनाकडे लक्ष द्यावे लागेल. पूर्ण पिलू निघाले, तर आधी इन्क्युबेटरचा तापमापक दुसऱ्या तापमापकाशी ताडून पाहा.