कामोठ्यात राहून आरसी विमान शिकायचे असेल, तर आधी जागा आणि मग विमान

आपण कामोठ्यात राहता, नववीतल्या मुलीबरोबर रेडिओ-नियंत्रित विमान उडवायला शिकू इच्छिता, खर्चाची मर्यादा सुमारे वीस हजार रुपये आहे, आणि डक्टेड फॅनवर (नळीत बसवलेल्या विजेच्या पंख्यावर) चालणारे जेट घ्यावे की स्पिटफायर या दुसऱ्या महायुद्धातल्या लढाऊ विमानाची प्रतिकृती, एवढाच निर्णय बाकी आहे, असे आपण लिहिले आहे. माझे स्पष्ट मत असे की सध्या या दोन्हींपैकी काहीही घेऊ नये. विमान कोणते हा प्रश्न आपण पहिला विचारला आहे, तो खरे तर तिसरा आहे. नवी मुंबईत राहणाऱ्याने कुठे उडवायचे हे आधी ठरवावे, त्यानंतर हात तयार करावेत, आणि या दोन गोष्टी झाल्या की कोणते विमान घ्यायचे हे बहुतांशी आपोआप ठरते.

कामोठे, खांदेश्वर, उलवे हा परिसर नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळाच्या अगदी लगत आहे. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी त्याचे उद्घाटन झाले आणि त्याच वर्षीच्या २५ डिसेंबरपासून तिथून प्रवासी वाहतूक सुरू झाली. त्यामुळे पूर्वी ज्या मोकळ्या भूखंडांवर मंडळी सकाळी विमाने उडवताना दिसत, तिथे आता विमान बॅगेतून बाहेरही काढू नये. २०२१ चे ड्रोन नियम फक्त चार पंख्यांच्या ड्रोनला लागू होतात असा एक समज आहे, तो चुकीचा आहे. त्या नियमांत पंखांवर उडणारे मानवरहित विमानही येते. नियमांनुसार सरकारने आकाशाचा नकाशा हिरव्या, पिवळ्या आणि लाल क्षेत्रांत विभागला आहे. हिरव्या क्षेत्रात ४०० फुटांपर्यंत, म्हणजे सुमारे १२० मीटरपर्यंत, परवानगी लागत नाही. विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात हीच मर्यादा २०० फुटांवर येते. पिवळ्या क्षेत्रात हवाई वाहतूक नियंत्रणाची परवानगी लागते, आणि लाल क्षेत्राचा विचार छंद म्हणून उडवणाऱ्याने सोडूनच द्यावा. हा नकाशा सरकारी पोर्टलवर कोणालाही पाहता येतो. जागा पाहायला निघण्यापूर्वी त्यावर ती जागा शोधावी, कारण विमानतळाखेरीज ट्रॉम्बेचे भाभा अणुसंशोधन केंद्र, उरणकडचा नौदलाचा भाग, अंबरनाथची आयुध निर्माणी अशी संवेदनशील ठिकाणेही आपल्याच जिल्ह्यांच्या आसपास आहेत.

परवान्याबाबतचे उत्तर त्यामानाने सोपे आहे. २५० ग्रॅमपर्यंतचे विमान नॅनो वर्गात आणि त्यापुढे २ किलोपर्यंतचे मायक्रो वर्गात मोडते. या दोन्हींसाठी, हेतू व्यावसायिक नसेल तर, रिमोट पायलटचे प्रमाणपत्र लागत नाही. नजरेच्या टप्प्यात, शिकण्यासाठी किंवा विरंगुळ्यासाठी उडवल्या जाणाऱ्या २५ किलोपर्यंतच्या मॉडेल विमानाला टाइप सर्टिफिकेटमधूनही (विमानाच्या प्रकाराला मिळणाऱ्या सरकारी मान्यतापत्रातूनही) सूट आहे. नोंदणीची आणि त्रयस्थ विम्याची कलमे मात्र स्वतः वाचून घ्यावीत. विम्यातून फक्त नॅनो वर्ग वगळलेला आहे. याखेरीज स्थानिक पोलिसांचे मनाई आदेश असतात. निवडणुका, मोठे सण किंवा महत्त्वाच्या व्यक्तींचे दौरे असले की पोलीस आयुक्तालये पूर्वी कलम १४४ खाली आणि आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली असे आदेश काढतात. अशा आदेशांत ड्रोनबरोबर रिमोटवर उडणाऱ्या छोट्या विमानांचाही उल्लेख असू शकतो, म्हणून घरून निघण्याच्या आदल्या दिवशी बातम्या पाहण्याची सवय लावून घ्यावी.

खाडीकिनारा मोकळा दिसतो म्हणून मोह होतो, पण ठाणे खाडीचा मोठा भाग २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि २०२२ पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागाही आहे. हिवाळ्यात आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला, म्हणजे नेमके उडवण्यासारख्या दिवसांत, तिथे पक्षी असतात. येऊरचा प्रश्नच येत नाही, ते संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आहे. सोसायटीचे मैदान आणि महापालिकेची उद्याने लहान पडतात. दहा मीटर प्रतिसेकंद वेगाने जाणारे विमान शंभर मीटर दहा सेकंदांत ओलांडते, आणि नवशिक्याची निम्मी सेकंदे आता नेमके काय करावे या विचारातच जातात. किमान दीडशे मीटर लांब आणि शंभर मीटर रुंद अशी माणसे, रस्ता आणि झाडे नसलेली जागा हवी.

अशी जागा आपल्याकडे भातकापणीनंतर मिळते. मुरबाड, शहापूर, कर्जत या बाजूंना नोव्हेंबरपासून खाचरे रिकामी होतात, आणि शेतमालकाला आधी भेटून रीतसर विचारले तर सहसा नकार मिळत नाही. पुढे वाल-हरभरा पेरला असेल त्या शेतात अर्थातच जाऊ नये. तारांकडे विशेष लक्ष द्यावे. शिळफाटा, महापे, कळवा, पडघा या पट्ट्यात उच्चदाब वाहिन्यांचे जाळे आहे, आणि लांबून पाहताना विमान तारेच्या अलीकडे आहे की पलीकडे हे डोळ्यांना कळत नाही. विमान तारेत अडकले तर ते गेले असे समजून सोडून द्यावे आणि वीज कंपनीला कळवावे. काठीने काढण्याचा प्रयत्न कोणत्याही परिस्थितीत करू नये.

वाऱ्याचे गणितही जागेइतकेच महत्त्वाचे आहे. ऑक्टोबर ते फेब्रुवारी सूर्योदयानंतरचे दोन तास वारा जवळजवळ नसतो. दुपारनंतर समुद्राकडून खारा वारा सुटतो आणि मार्चपासून तो इतका जोर धरतो की एक किलोचे फोमचे विमान पुढे जाण्याऐवजी जागीच डोलत राहते. जून ते सप्टेंबर हा काळ सिम्युलेटरचा, म्हणजे संगणकावरच्या सरावाचा, आणि दुरुस्तीचा. संक्रांतीच्या आधीचे काही दिवसही टाळावेत, कारण मांजा पंखात किंवा प्रोपेलरमध्ये गुंतला तर विमान परत येत नाही. घारी मात्र वर्षभर असतात. थव्यात विमान घुसवायचे नाही, आणि घार मागे लागली तर थ्रॉटल, म्हणजे मोटरचा वेग, कमी करून विमान खाली आणायचे.

आता हातांविषयी. वीस हजारांतला पहिला खर्च ट्रान्समीटरवर, म्हणजे हातात धरायच्या रिमोटवर, करावा आणि तो साधारण पाव हिस्सा तरी असू द्यावा, कारण पहिले विमान तुटणार आहे, पण ट्रान्समीटर पुढची अनेक वर्षे वापरात राहील. फ्लायस्काय कंपनीचा सहा चॅनेलचा आय-सिक्स हा आपल्याकडे सर्रास मिळणारा, पुरेसा चांगला पर्याय आहे. तो २.४ गिगाहर्ट्झवर चालतो आणि ही लहरपट्टी आपल्या देशात ठरावीक शक्तीपर्यंत परवानामुक्त आहे. घेताना मोड टू घ्यावा, म्हणजे थ्रॉटल आणि रडर (नाक डावी-उजवीकडे वळवणारे) डाव्या दांडीवर, एलिव्हेटर (नाक वर-खाली करणारे) आणि एलेरॉन (पंख कलवणारे) उजव्या दांडीवर. आपल्याकडचे बहुतेक जण तोच वापरतात, त्यामुळे मैदानावर कोणीही आपले विमान हातात घेऊन सावरू शकतो. याच ट्रान्समीटरला सिम्युलेटरची केबल जोडून संगणकावर सराव करता येतो. पिकासिम मोफत आहे; रिअलफ्लाइट उत्तम आहे, परंतु सुरुवातीला त्यावर खर्च करण्याची गरज नाही.

सिम्युलेटरवर नेमके काय शिकायचे हे बहुतेकांना ठाऊक नसते, आणि ते पहिल्या दिवसापासून कोलांट्या मारत बसतात. शिकायची गोष्ट एकच आहे: विमान आपल्याकडे तोंड करून येत असताना डावे-उजवे उलटे होते. दूर जाणाऱ्या विमानाला दांडी उजवीकडे दिली की ते आपल्या उजवीकडे वळते. आपल्याकडे येणारे त्याच दांडीने आपल्या डावीकडे जाते. नवशिक्यांची विमाने पडण्याचे हे फार मोठे कारण आहे. यावरची जुनी युक्ती अशी की समोरून येणाऱ्या विमानाचा जो पंख खाली झुकला असेल, त्या बाजूला दांडी ढकलायची. पंख सरळ होतो. ही हालचाल विचार न करता होऊ लागेपर्यंत, आणि दहांपैकी नऊ वेळा विमान ठरलेल्या जागी उतरेपर्यंत, खरे विमान मागवू नये. आपली मुलगी हे आपल्या आधी शिकेल, त्याची मनाची तयारी ठेवावी.

आता विमान. खाचरात धावपट्टी नसते, बांध आणि भाताचे खुंट असतात, म्हणून चाके निरुपयोगी. विमान हाताने फेकून सोडायचे आणि पोटावर उतरवायचे. म्हणजे ते हलके, हळू उडणारे आणि फोमचे हवे. पंख धडाच्या वर असावेत आणि टोकांकडे किंचित वर उचललेले असावेत. असे विमान एका बाजूला कलले तरी दांडी सोडल्यावर बऱ्याच अंशी स्वतःच सरळ होते. पंखांचा विस्तार एक ते सव्वा मीटर असावा. मोटर पंखांच्या मागे बसवलेली असेल तर फारच उत्तम, कारण नाकावर आपटले तरी प्रोपेलर आणि मोटरचा दांडा वाचतो. फेकताना हात मात्र त्या प्रोपेलरच्या वाटेत येऊ द्यायचा नाही.

हिशेबासाठी एक उदाहरण घेऊ. १२०० मिलिमीटर लांब आणि २०० मिलिमीटर रुंद पंखाचे क्षेत्रफळ २४ चौरस डेसिमीटर होते. विमानाचे सर्व सामानासह वजन ९०० ग्रॅम असेल तर प्रत्येक चौरस डेसिमीटरवर साडेसदतीस ग्रॅम भार येतो, आणि शिकाऊ विमानासाठी हा आकडा ठीक आहे. तो जितका वाढेल तितके विमान हवेत टिकण्यासाठी जास्त वेगाने उडवावे लागते. स्पिटफायरचे आणि जेटचे उत्तर इथेच मिळते. स्पिटफायरचा पंख खाली आणि टोकाकडे निमुळता. वेग कमी झाला की टोकाकडची उचल (पंखाला वर धरणारे बल) आधी जाते आणि विमान एका कुशीवर पडते, तेही बहुधा उतरताना, जेव्हा सावरण्याइतकी उंचीच नसते. डक्टेड फॅनचे जेट जड असते, बॅटरी भराभर पिते, आणि थ्रॉटल दिल्यावर त्याची ओढ जाणवायला क्षणभर वेळ लागतो. दोन्ही सुंदर आहेत. खालच्या पंखाचे विमान दुसरे किंवा तिसरे म्हणून जरूर घ्यावे.

तयार विमान न घेता स्वतः जुळवायचे ठरवले, तर वरच्या उदाहरणातल्या विमानाला २२१२ मापाची, सुमारे १००० केव्हीची ब्रशलेस मोटर, ३० अँपिअरचा ईएससी (मोटरचा वेग नियंत्रित करणारे उपकरण), १० इंची प्रोपेलर, नऊ ग्रॅमचे सर्व्हो (रडर, एलिव्हेटर वगैरे हलवणाऱ्या छोट्या मोटरी) आणि तीन सेलची २२०० एमएएच लायपो (लिथियम-पॉलिमर) बॅटरी हे प्रचलित समीकरण आहे. केव्ही म्हणजे विनाभार अवस्थेत दर व्होल्टमागे मिनिटाला होणारे फेरे. सरासरी १२ अँपिअर खर्च धरला आणि बॅटरी ऐंशी टक्केच वापरली, तर पावणेनऊ मिनिटे मिळतात. ट्रान्समीटरचा टायमर सात मिनिटांवर लावावा. कनेक्टर, वायर, हीट श्रिंक अशा किरकोळ वस्तू लॅमिंग्टन रोडवर मिळतात. थर्माकोलचे काही जोडायचे असेल तर फेविक्विक वापरू नये, ते थर्माकोल खाऊन टाकते. ग्लू गन किंवा फोमसाठीचा गोंद वापरावा.

लायपोबाबत मी थोडा कडक आहे. प्रत्येक सेल पूर्ण भरल्यावर ४.२ व्होल्ट असतो आणि तो ३.५ च्या खाली जाऊ देऊ नये. चार्जर बॅलन्सचाच, म्हणजे प्रत्येक सेल सारखा भरणारा, हवा आणि चार्जिंगचा दर एक-सी, म्हणजे २२०० एमएएचला २.२ अँपिअर. चार्जिंग सुरू असताना खोली सोडायची नाही, रात्री चार्जिंगला लावून झोपायचे नाही, बॅटरी लाकडी टेबलावर किंवा गादीवर न ठेवता फरशीवर ठेवायची, आणि फुगलेली बॅटरी कितीही नवी असली तरी ई-कचऱ्यात द्यायची. महिनाभर उडवणार नसाल तर सेल ३.८ व्होल्टच्या आसपास ठेवावेत. उन्हात उभ्या असलेल्या गाडीत बॅटऱ्या ठेवून जेवायला जाऊ नये.

पहिल्या उड्डाणाआधी गुरुत्वमध्य तपासावा. पंखाच्या पुढच्या कडेपासून रुंदीच्या पाव ते एक तृतीयांश अंतरावर, दोन बोटांवर विमान तोलले असता नाक किंचित खाली झुकले पाहिजे. शेपूट जड असलेले विमान तज्ज्ञालाही आवरत नाही. प्रोपेलर काढून प्रत्येक दांडीची दिशा पाहावी. ट्रान्समीटर बंद केल्यावर मोटर थांबते की नाही, म्हणजे फेलसेफ, तेही प्रोपेलर काढूनच पाहावे. ट्रान्समीटर नेहमी आधी सुरू करायचा आणि शेवटी बंद करायचा. विमान वाऱ्याच्या तोंडावर, आडवे, पाऊण थ्रॉटलवर, एकाने फेकायचे आणि दुसऱ्याने सांभाळायचे. नाक आकाशाकडे करून फेकले तर ते तिथेच वेग गमावते. तीस-चाळीस मीटर उंचीवर गेल्यावर ट्रिम करावे, म्हणजे दांड्या सोडल्यावरही विमान सरळ जाईल असे बारीक जुळवून घ्यावे, आणि आपल्यासमोरच मोठे, आरामशीर लंबगोल काढावेत. डोक्यावरून किंवा पाठीमागे जाऊ देऊ नये. घाबरल्यावर हात आपोआप एलिव्हेटर मागे ओढतो, तो ओढायचा नाही. थ्रॉटल कमी करून पंख सरळ करायचे.

शक्य असेल तर पहिल्या दोन-तीन सकाळी एखाद्या जाणत्या उडवणाऱ्याला बरोबर न्यावे. वर सांगितलेला ट्रान्समीटर दुसऱ्या ट्रान्समीटरला ट्रेनर केबलने जोडता येतो, म्हणजे शिकणाऱ्याचे चुकले की शिकवणारा एक स्विच बदलून ताबा घेतो. आपण दोघांपैकी जो उडवत नसेल त्याने विमानाकडे पाहत न बसता आजूबाजूला पाहावे. गुरे राखणारा, बांधावरून येणारा दुचाकीस्वार, कमी उंचीवरून जाणारे हेलिकॉप्टर दिसताच मोठ्याने सांगावे, आणि ते ऐकताच उडवणाऱ्याने विचारपूस न करता विमान खाली आणावे.