‘येऊ का’ असं विचारू नका

प्रश्न: माझा मोठा भाऊ अमेरिकेत एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर काम करतो. तीन आठवड्यांपूर्वी त्याला ब्रेन स्ट्रोक आला. आता आयसीयूबाहेर आहे, पण उजवी बाजू हलत नाही, बोललेलं नीट कळत नाही. वहिनी आम्हाला काहीच सांगत नाही. फॅमिली ग्रुपवर दिवसाआड ‘स्टेबल आहेत’, बस्स! हॉस्पिटलला फोन केला तर ‘माहिती देता येणार नाही’. आई-बाबा हवालदिल झालेत. माझ्याकडे व्हिसा आहे, दोन वर्षांपूर्वी भाचीच्या वाढदिवसाला गेले होते, पण मी काही डॉक्टर नाही. भारतीय दूतावासाकडे तक्रार केली तर रिपोर्ट मिळतील का?
– एक बहीण

उत्तर: नाही मिळणार. दूतावास चौकशी करेल, अडचणीत मदतही करेल, पण वहिनीच्या डोक्यावरून रिपोर्ट काढून देणं हे त्यांचं काम नाही.

तुमच्या अख्ख्या पत्रात कामाचं वाक्य एकच आहे: ‘माझ्याकडे व्हिसा आहे’. तेही पुढे ‘पण’ लावून तुम्ही मोडीत काढलंत. वाढदिवसाला जाताना कुठे डॉक्टर होतात?

हॉस्पिटल तुम्हाला मुद्दाम ताटकळत ठेवत नाहीये. रुग्णाची माहिती जपणाऱ्या १९९६ च्या हिपा कायद्यामुळे ते सांभाळून बोलतात, आणि फोनवरची बाई खरंच बहीण आहे की आणखी कोणी, हे नर्सने ओळखायचं कसं? तेच तुम्ही वहिनीसोबत खाटेशी उभ्या राहिलात आणि भावाची हरकत नसली, तर डॉक्टर तुमच्यादेखत बोलतील.

आता वहिनीचा दिवस बघा. हॉस्पिटलची केस मॅनेजर विचारतेय, पुढे कुठल्या रिहॅब सेंटरला हलवायचं, आणि उत्तर लवकर हवंय. विमा कंपनी मंजुरीसाठी कागद मागतेय. भावाची कंपनी मोठी असेल आणि नोकरीला वर्ष झालं असेल, तर एफएमएलए या रजेच्या कायद्याखाली त्याला १२ आठवड्यांची बिनपगारी रजा मिळते. त्या काळात नोकरी टिकते आणि कंपनीचा आरोग्य विमाही चालू राहतो. डॉक्टरांचं सर्टिफिकेट कंपनीने मागितलं की ते द्यायला साधारण १५ दिवस मिळतात. हे निसटलं आणि नोकरी गेली, तर एच-वन-बीवाल्याला दुसरी नोकरी शोधायला नाहीतर देश सोडायला जास्तीत जास्त ६० दिवस. त्याच्या व्हिसावर बायको-मुलीचा मुक्कामही टांगलेला. एवढं सगळं एकटी बाई करतेय, वर मुलीची शाळा. आणि ग्रुपवर तुम्ही सगळे पाळीपाळीने ‘काही अपडेट?’ विचारताय. ‘स्टेबल आहेत’ एवढं लिहिते हेच खूप आहे हो! मला तिची बाजू घ्यायची होती असं नाही, पण तुमचं पत्र वाचून दुसरी बाजू उरलीच नाही.

तेव्हा जा. बी-टू या पर्यटक व्हिसावर आजारी भावाच्या मदतीला जाता येतं. विमानतळावरच्या अधिकाऱ्याला हेच खरं कारण सांगा, हॉस्पिटलचं पत्र जवळ ठेवा. किती दिवस राहायचं हे तोच ठरवेल, बहुधा सहा महिने मिळतात. स्वतःचा प्रवास विमा काढल्याशिवाय मात्र निघू नका, तिथे तुम्हीच आजारी पडलात तर वहिनीवर दुसरं बिल नको. तिकडे पोचल्यावर भाचीला तुम्ही सांभाळा, दुपारी भावाजवळ तुम्ही बसा, म्हणजे वहिनीला दोन तास झोप मिळेल आणि फॉर्मही भरता येतील. याला डॉक्टर लागत नाही. तुम्ही पोचेपर्यंत हवं असेल तर, वहिनीला विचारून, तिथल्या मराठी मंडळाला कळवा. शाळेत ने-आण करणारं कुणीतरी मिळेल.

ग्रुपवर आजच लिहा: ‘यापुढे दादाची बातमी मी देईन, वहिनीला कुणी मेसेज करू नका.’ आणि मग तिला फोन करा. दादा कसा आहे, हे विचारू नका. ‘येऊ का?’ असंही नको, ती ‘नको, मी करते मॅनेज’ म्हणेल आणि तुम्ही सुटकेचा श्वास टाकाल. एवढंच म्हणा: ‘तिकीट काढतेय. या आठवड्यात येऊ की पुढच्या?’