घरी केलेलं ग्वाकामोले काळं न पडता दोन दिवस कसं टिकवायचं?

तुमचा प्रश्न असा, की सकाळी केलेलं ग्वाकामोले (कुस्करलेल्या अ‍ॅव्होकाडोची मेक्सिकन चटणी) संध्याकाळी पाहुणे येईपर्यंत वरून तपकिरी होतं, मधोमध बी खोचून ठेवली तरी फरक पडत नाही, मग ते दोन दिवस ताजं कसं ठेवायचं. मी इंदूरची. आमच्या घरी हा प्रकार वरचेवर होतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

माझं पहिलं सांगणं हेच, की शक्य असेल तर ग्वाकामोले साठवूच नका, पिकलेलं फळ साठवा. नेमका पिकलेला अख्खा अ‍ॅव्होकाडो फ्रीजमध्ये दोन-तीन दिवस छान राहतो, आणि तो कापून, कुस्करून, लिंबू-मीठ घालायला दहा मिनिटं पुरतात. कांदा, मिरची, कोथिंबीर आधी चिरून वेगळ्या डब्यात ठेवली की पाहुणे चपला काढत असतानासुद्धा काम उरकतं. आयत्या वेळी केलेल्याची चव साठवलेल्याला येत नाही, कितीही काळजी घ्या.

पण भिशी असते, मुलांचा वाढदिवस असतो, आधी करून ठेवावंच लागतं. त्यासाठी ते काळं का पडतं हे कळलं की पुढचं सगळं आपोआप सुचतं. वांगी चिरली की आपण लगेच पाण्यात टाकतो ना, तेच कारण इथेही आहे. गर कापला-कुस्करला की पेशी फुटतात, त्यातलं एक विकर (एन्झाइम) आणि फेनॉल नावाची द्रव्यं एकत्र येतात, हवेतला ऑक्सिजन मिळाला की रंग तपकिरी व्हायला लागतो. म्हणजे मुख्य शत्रू हवा. बी ठेवून उपयोग होत नाही तो यामुळेच: बीच्या बरोबर खाली जेवढी जागा झाकली जाते तेवढीच हिरवी राहते, बाकी सगळं उघडंच.

सुरुवात फळापासून करू. आपल्याकडे साधारण दोन तऱ्हेचे अ‍ॅव्होकाडो येतात. एक हास जातीचा, खडबडीत सालीचा, पिकताना हिरव्याचा जांभळट काळा होणारा; हा बराचसा टांझानियासारख्या देशांतून येतो. दुसरा कूर्ग, वायनाड, निलगिरीकडचा, आकाराने मोठा, गुळगुळीत, पिकल्यावरही बहुधा हिरवाच राहणारा. याच्या गरात तेल कमी आणि पाणी जास्त, त्यामुळे ग्वाकामोले सैल होतं आणि ठेवलं की पाणी सुटतं. दूध-साखर घालून प्यायला तो फार छान. साठवायच्या ग्वाकामोलेला मात्र हासच घ्या, चार पैसे जास्त गेले तरी.

फळ बोटाच्या टोकाने दाबून बघू नका, आत डाग पडतो आणि पुढच्या गिऱ्हाइकाचंही नुकसान. तळहातावर घेऊन सगळ्या पंजाने हलकेच दाबा. किंचित दबलं पाहिजे. मग देठाची ती वाटाण्याएवढी टोपी नखाने जरा ढकला. सहज सुटली आणि खाली हिरवट-पिवळं दिसलं तर फळ तयार आहे. खाली तपकिरी दिसलं तर आत बहुतेक डाग असणार. टोपी हलतच नसेल तर अजून कच्चं. (ही टोपी घरी आणल्यावर काढा, दुकानात नको.)

कच्चं फळ फ्रीजमध्ये मुळीच ठेवू नका, पिकणं अडतं आणि गर काळपट, दोरेदार होऊ शकतो. अ‍ॅव्होकाडो झाडावर पिकत नाही, तोडल्यावरच पिकतो, तेव्हा कडक मिळालं म्हणून हिरमुसायचं कारण नाही. कागदी पिशवीत एका पिकल्या केळ्याबरोबर ठेवा. केळ्यातून निघणाऱ्या इथिलीन वायूमुळे लवकर पिकतो. आपल्याकडच्या मे महिन्यात रोज बघा, थंडीत धीर धरा. पिकला की लगेच फ्रीजमध्ये.

आता कृती. कापण्याआधी फळ वाहत्या पाण्याखाली नीट चोळून धुवा. साल खात नाही म्हणून लोक धुवत नाहीत, पण सुरी सालीवरची घाण थेट गरात नेते. दोन मध्यम फळांना एका रसाळ कागदी लिंबाचा रस आणि अर्धा लहान चमचा मीठ. लिंबू चवीपुरतं नाही, त्याच्या आंबटपणामुळे ते विकर मंदावतं आणि त्यातलं क जीवनसत्त्वही रंग धरून ठेवतं. म्हणून रस गर कुस्करायच्या आधी घाला, नंतर नाही.

मिक्सर अजिबात नको. त्यात हवा घुसळली जाते आणि पेशी जास्त फुटतात, म्हणजे जे टाळायचं तेच होतं. मेक्सिकोत मोल्काहेते नावाच्या ज्वालामुखीच्या दगडाच्या खलात आधी मिरची, कांदा, कोथिंबीर मीठ घालून वाटतात आणि मग त्यात गर ठेचतात. आपला दगडी खलबत्ता त्याच कामाचा. पण हे त्याच दिवशी संपवायचं असेल तरच. साठवायचं असेल तर काट्याने जाडसर कुस्करा, गाठी राहू द्या. लोखंडी विळी-सुरी आणि बिनकल्हईची तांब्या-पितळेची भांडी टाळा. स्टील किंवा काच घ्या.

कांदा, टोमॅटो, कोथिंबीर साठवायच्या भागात घालू नका, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. मिठाने टोमॅटोला पाणी सुटतं, आणि कांदा रात्रभरात इतका उग्र होतो की बाकी काही लागतच नाही. फक्त गर, लिंबू, मीठ आणि हवी तर बारीक चिरलेली मिरची एवढंच ठेवा. बाकीचं वाढताना. कांदा चिरून दोन पाण्यांतून काढला की त्याचा तिखटपणा जातो.

भरायला अरुंद तोंडाचा, अगदी मापाचा लहान डबा घ्या, म्हणजे हवेला लागणारा पृष्ठभागच कमी. चमच्याच्या पाठीने दाबत भरा, आत पोकळी राहता कामा नये. मग दोनपैकी एक उपाय. क्लिंग फिल्म (अन्न झाकायचा पातळ, चिकटणारा प्लास्टिकचा कागद) असेल तर ती डब्याच्या तोंडावर ताणू नका, खाली थेट गरावर टेकवा आणि मधून कडेकडे बोट फिरवत बुडबुडे बाहेर काढा. पांढुरका ठिपका दिसला तर समजा तिथे हवा अडकली आहे आणि उद्या तिथेच डाग दिसेल. वरून झाकण.

फिल्म नसेल तर पाणी. गर सपाट करून वर हळूच बोटाच्या एका पेरापेक्षा कमी थर येईल इतकं पिण्याचं गार पाणी ओता, झाकण लावा, फ्रीजमध्ये ठेवा. पाण्यातून ऑक्सिजन हवेपेक्षा कित्येक पट सावकाश सरकतो, आणि हासचा दाट, तेलकट गर पाणी फारसं पीत नाही. वाढताना पाणी ओतून टाका, ढवळा, थोडं लिंबू पिळा. मला हाच उपाय जास्त भरवशाचा वाटतो. पण अख्खे अ‍ॅव्होकाडो पाण्यात बुडवून ठेवायची जी टूम निघाली होती, ती वेगळी आणि ती करू नका: अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२२ साली त्याविरुद्ध सावध केलं, कारण सालीवर लिस्टेरिया किंवा साल्मोनेला हे आजार पसरवणारे जंतू असले तर ते त्या पाण्यात वाढू शकतात.

या दोन्ही तऱ्हांनी दोन दिवस निर्धास्त. वर पातळ तपकिरी पापुद्रा आलाच तर तो खरवडून टाका; त्याने अपाय होत नाही, चव जरा कडवट लागते इतकंच. आंबूस वास, फेस किंवा बुरशी दिसली तर मात्र सगळंच टाका. टेबलावर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नका, आणि उन्हाळ्यात पारा बत्तिसाच्या वर असला की एकच तास. भिशीला मी मोठा वाडगा मांडतच नाही, लहान वाटी ठेवते आणि संपली की फ्रीजमधून पुन्हा भरते.

सोबत मक्याचे चिप्स असतातच, पण मक्याची पातळ रोटी कडक भाजून तिचे त्रिकोणी तुकडे करून बघा, जास्त खमंग लागतात. घरच्यांना जिरावण (आमच्या इंदूरचा चटपटीत मसाला) भुरभुरवायचं असेल तर आपापल्या वाटीत; डब्यात घातलं तर दुसऱ्या दिवशी फक्त जिरावणच लागेल.

फळं एकदम पिकली आणि खाणं होत नसेल तर लिंबू घालून कुस्करलेला नुसता गर जाड पिशवीत चपटा पसरा, हवा काढा आणि फ्रीझरमध्ये टाका. दोन-तीन महिने राहतो. आदल्या रात्री खाली फ्रीजमध्ये काढून ठेवा; पोत थोडा सैल होतो, मग कांदा-कोथिंबीर जरा जास्त घाला आणि वितळल्यावर तो पुन्हा गोठवू नका.