पुस्तकावर प्रेम आहे, पण त्याला कात्री लावता येईल का?

प्रश्न : माझी मुलगी पुण्यात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय मराठी. तिला कादंबऱ्यांवरून चित्रपटांच्या पटकथा लिहायच्या आहेत. त्यासाठी एका खासगी संस्थेचा कोर्स लगेच करायचा म्हणते. फी आम्हाला जड आहे. तिचे बाबा म्हणतात, चांगल्या पुस्तकाचा सिनेमा केला की पुस्तकाची वाट लागते, त्यात कसलं आलंय करिअर? आवडत्या पुस्तकातला प्रसंग सिनेमात गाळलेला दिसला की तिचीही दिवसभर चिडचिड होते. काय करावं?
– एक आई, कोथरूड

उत्तर : ताई, तुम्ही जाता जाता लिहिलेली चिडचिडीची गोष्टच मला सगळ्यात महत्त्वाची वाटली. गाळलेला प्रसंग ज्याला खुपतो तो चांगला वाचक. पटकथाकाराला मात्र तोच प्रसंग आपल्या हाताने गाळावा लागतो, आणि का गाळला हे दिग्दर्शकाला पटवावंही लागतं. तुमच्या लेकीला हे जमेल का, ते आधी पाहू.

पटकथेचं एक पान म्हणजे पडद्यावरचं साधारण एक मिनिट असं धरतात. दोन तासांच्या चित्रपटाला १२० पानं, तीही ऐसपैस मांडणीची. ३०० पानांची कादंबरी त्यात मावणार नाही. मग काय ठेवायचं, हे ठरवण्यातच सगळं कौशल्य आहे.

तिच्या बाबांनी ‘सिंहासन’ पाहिला असेलच. १९७९चा, जब्बार पटेलांचा. अरुण साधूंच्या ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ या दोन कादंबऱ्यांमधून विजय तेंडुलकरांनी एकच पटकथा बांधली. मुख्यमंत्री, त्यांची खुर्ची ओढायला निघालेले सहकारी, कामगार पुढारी, तस्कर, शिवाय सगळी मुंबई, एवढा पसारा. तो प्रेक्षकाच्या हातून निसटत नाही, कारण निळू फुल्यांचा पत्रकार दिगू टिपणीस या सगळ्यांत वावरतो आणि आपण त्याच्या मागोमाग जातो. कादंबऱ्यांमधलं कितीतरी गेलं, पण साधूंची सत्तेकडे पाहण्याची नजर शाबूत राहिली. रूपांतर शिकायचं तर मराठीत याहून चांगला धडा मला माहीत नाही. दोन्ही कादंबऱ्या शेजारी ठेवून तिने तो पुन्हा पाहावा.

फसणं-जमणं दर वेळी इतकं सरळ नसतं. ‘गाइड’चंच बघा. आर. के. नारायण यांना आपल्याच इंग्रजी कादंबरीवरचा १९६५चा हा चित्रपट पटला नव्हता. त्यांचं मालगुडी हे काल्पनिक गाव सोडून कथा राजस्थानात गेली, भव्य झाली. त्यांनी या नाराजीवर लेखही लिहिला. तरीही लोकांनी चित्रपट उचलून धरला आणि सर्वोत्कृष्ट कथेचं फिल्मफेअर नारायण यांनाच मिळालं. मला त्यातला शेवट फार शिकवणारा वाटतो. कादंबरीत पावसासाठी धरलेल्या उपासाने खंगलेला नायक राजू डोंगरात पाऊस पडतोय असं म्हणत कोसळतो, आणि पाऊस खरोखर आला का, हे आपल्याला कळतच नाही. चित्रपटात पाऊस पडतो. कागदावर ती शंका सहज राहते, कॅमेऱ्यासमोर पाऊस पाडायचा की नाही हे ठरवावंच लागतं. शंका पडद्यावरही ठेवता आली असती का? तुमच्या मुलीशी यावर जरूर बोला. तिचं उत्तर काय आहे यापेक्षा ती कसा विचार करते ते ऐका.

‘दुनियादारी’वरून तुमच्या घरी वाद झाला असेल तर नवल नाही. २०१३चा चित्रपट जोरात चालला, पण सुहास शिरवळकरांचे जुने वाचक हळहळले. दोघांचंही मला समजतं. उलट मिलिंद बोकिलांच्या ‘शाळा’वर आधी एक हिंदी चित्रपट येऊन गेला, तो आज फारसा कुणाला आठवत नाही; नंतरच्या मराठी ‘शाळा’ला २०११ सालासाठी रूपांतरित पटकथेचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. कादंबरी तीच होती, म्हणून पुस्तकाला दोष देऊन चालत नाही.

आता पोटापाण्याचं. नुसत्या कादंबरी-रूपांतरावर घर चालवणारे लेखक मराठीत विरळा. सुरुवात बहुधा मालिकांपासून होते. तिथे कथाविस्तार, पटकथा आणि संवाद ही तीन वेगळी कामं असतात. पैसे टप्प्याटप्प्याने येतात आणि काम बरंचसं मुंबईत. म्हणून पदवी सोडायची नाही. पुण्यातल्या एफटीआयआय या सरकारी चित्रपट-शिक्षण संस्थेच्या पटकथालेखनाच्या अभ्यासक्रमालाही पदवी लागते, वर प्रवेशपरीक्षा असते.

पुण्यात असल्याचा फायदा तिने आत्ताच घ्यावा. पुरुषोत्तम किंवा फिरोदिया या आंतरमहाविद्यालयीन रंगमंचीय स्पर्धांच्या कॉलेजच्या संघासाठी लिहावं. आपलं वाक्य नटाच्या तोंडी अडखळतं तेव्हा जे कळतं ते कुठल्याच वर्गात कळत नाही. लॉ कॉलेज रस्त्यावर राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, त्याचं ग्रंथालयही आहे. प्रभातचा ‘कुंकू’ (१९३७) तिने मिळवून पाहावा. ना. ह. आपट्यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरचा हा चित्रपट त्याच रस्त्यावर तयार झाला, आज जिथे एफटीआयआय आहे तिथे. त्यात काकासाहेबांचं, म्हणजे नायिकेच्या म्हाताऱ्या नवऱ्याचं वय भिंतीवरचं घड्याळ सांगतं, त्यासाठी संवाद लागत नाही.

एक कायद्याची गोष्ट. रूपांतराचा हक्क लेखकाचा असतो, आणि लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं तो वारसांकडे किंवा ज्यांना दिला असेल त्यांच्याकडे राहतो. लेखी परवानगीशिवाय आवडत्या कादंबरीची पटकथा घेऊन निर्मात्याकडे जाऊ नये. हरि नारायण आपटे १९१९ साली गेले, त्यांचं लेखन आता खुलं आहे. म्हणून तिला त्यांची ‘पण लक्षात कोण घेतो!’ ही कादंबरी द्या. नायिका यमू स्वतःच आपली कहाणी सांगते, त्यामुळे तिची पटकथा करणं अवघडच आहे. एक प्रकरण निवडायचं आणि त्याची पाच पानांची पटकथा लिहायची. अट एकच, निवेदकाचा आवाज वापरायचा नाही. यमूच्या मनातलं सगळं वागण्यातून, वस्तूंमधून, घरातल्या माणसांच्या बोलण्यातून दिसलं पाहिजे. चार वेळा तरी पुन्हा लिहावं लागेल.

लिहून झालं की पानं तिच्या बाबांना वाचायला द्या, कादंबरीविषयी काही न सांगता. यमूच्या मनात काय चाललंय ते त्यांना उमगलं आणि पाचव्यांदा लिहायचीही मुलीची तयारी असली, तर ती तिसऱ्या वर्षाला गेल्यावर मला पुन्हा लिहा, प्रवेशपरीक्षेच्या तयारीचं बोलू. तोवर त्या खासगी संस्थेची फी भरू नका.