शेणात जिवाणू खतं कालवून टाकली, तरी पिकात फरक का दिसला नाही?

तुम्ही लिहिलंय की ट्रायकोडर्मा (मर रोगाला आवरणारी उपयोगी बुरशी) आणि पीएसबी (स्फुरद म्हणजे फॉस्फरस मोकळा करणारे जिवाणू) 'ताज्या शेणात' कालवून शेतात टाकलं. घोळ बहुधा तिथेच झाला. मीही पहिल्या वर्षी हेच केलं होतं. ढिगातून वाफा निघत होत्या आणि मी वरून पावडर भुरभुरत होतो! कुजता ढीग आतून 55 ते 65 अंशांपर्यंत तापतो. त्यात तणाचं बी मरतं, हे बरंच, पण ट्रायकोडर्माही तग धरत नाही.

आता मी आधी ढिगात हात घालून बघतो. आतून गार लागला, खत काळसर भुसभुशीत झालं, शेणाचा वास गेला, की मगच मिसळतो. 100 किलो खताला 1 ते 2 किलो पावडर. सावलीत पसरायचं, ओल एवढीच की मुठीत दाबलं तर गोळा व्हावा पण पाणी निथळू नये. वर ओलं गोणपाट. आठवडा-दहा दिवसांत एकदा खालीवर करायचं. या दिवसांत बुरशी खतावर पोसून वाढते आणि हिरवट थर दिसू लागतो. मग संध्याकाळी, जमिनीत ओल असताना टाकून लगेच मातीआड करायचं. उन्हात उघडं पडलं तर केलेलं सगळं वाया.

पीएसबीचं म्हणाल, तर ते जिवाणू आम्लं सोडून चुन्याशी जखडलेला स्फुरद मोकळा करतात. जमिनीत मुळात स्फुरदच नसेल, तर ते तरी काय सोडवणार? अॅझोटोबॅक्टर हवेतला नत्र धरतो, पण त्याला सेंद्रिय कर्ब लागतो, म्हणून खताविना तो उपाशी. रायझोबियम, म्हणजे कडधान्यांच्या मुळांवरच्या गाठींत नत्र धरणारे जिवाणू, मात्र बियाण्यालाच चोळावं, आणि पीक बघून घ्यावं. हरभऱ्याचं सोयाबीनला चालत नाही.

शेवटी तुम्ही जाता जाता लिहिलंय की त्याच आठवड्यात बुरशीनाशकाची आळवणी केली, म्हणजे ते मुळाशी ओतलं. अहो, ट्रायकोडर्मा ही बुरशीच आहे! दोन्हींमध्ये किमान पंधरवडा तरी जाऊ द्या.

पुढच्या वेळी दोन-चार ओळींना तेवढंच खत घाला, पण ट्रायकोडर्मा आणि जिवाणूंशिवाय. मर (रोपं सुकून वाळण्याचा रोग) कुठे जास्त लागते ते त्या ओळींशी ताडून बघा. नुसत्या हिरवेपणावरून ठरवू नका, तो खतानेही येतो.